बर्माइस्टर अँड वेन: यार्ड बुडालं, इंजिन मात्र जगभर चालतंय. हे कसं काय?

खाडीकाठ:
बोटीवर इंजिनियर असलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरात 'बी अँड डब्ल्यू' ही अक्षरं कधी ना कधी कानावर पडतातच. आमच्याकडे मामा होता. कुठल्याही बोटीचं नाव निघालं की त्याचा पहिला प्रश्न, "मेन इंजिन कुठलं?" आणि उत्तर बहुतेक वेळा एकच. मला कितीतरी वर्षं ती जपानी किंवा कोरियन कंपनी वाटायची, कारण इंजिनवरच्या पाटीवर मित्सुई नाहीतर ह्युंदाई लिहिलेलं असायचं. हल्ली जरा खोलात शिरून वाचलं, तेव्हा कळलं की हे सगळं कोपनहेगनचं प्रकरण आहे.

थोडक्यात हकीकत अशी. १८४३ साली हान्स हाइनरिख बाउमगार्टेन याने कोपनहेगनमध्ये यंत्रांचा कारखाना काढला. तीन वर्षांनी कार्ल क्रिश्चन बर्माइस्टर भागीदार झाला. पुढे बाउमगार्टेन बाहेर पडला आणि १८६५ मध्ये बोल्टनहून आलेला इंग्रज विल्यम वेन आत आला, तेव्हापासून हे नाव. १८७२ मध्ये भागभांडवली कंपनी झाली आणि रेफशालेओन बेटावर मोठं यार्ड उभं राहिलं. वाफेची इंजिनं, बोटी, बॉयलर, इतकंच काय दुधातून साय वेगळी करायची यंत्रंही हे लोक बनवायचे. १८९८ मध्ये रुडॉल्फ डिझेलकडून डेन्मार्कपुरते हक्क घेतले आणि १९१२ मध्ये 'सेलांडिया' ही डिझेलवर चालणारी मोठी बोट समुद्रात सोडून जगाला तोंडात बोटं घालायला लावली.

आणि शेवट? १९८० मध्ये इंजिनाचा धंदा जर्मनीच्या 'मान' कंपनीला विकला, १९९६ मध्ये यार्डला कुलूप.

माझं मत: यांनी स्वतःच स्वतःचा घात केला. आपलं उत्तम इंजिन बनवायचे परवाने बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या यार्डाला दिले, १९२६ मध्ये जपानच्या मित्सुईला दिले, नंतर कोरियाला दिले. ज्यांना इंजिन बनवायला शिकवलं त्यांनीच बोटी स्वस्तात बांधून यांचं यार्ड बंद पाडलं. तुम्हाला काय वाटतं? बोटीवर काम केलेली मंडळी इथे आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

मिरजमेल:
बी अँड डब्ल्यू म्हणजे चिंचवडला थरमॅक्सबरोबर होती तीच ना? बॉयलरवाली?

खाडीकाठ:
@मिरजमेल, नाही हो. ती बॅबकॉक अँड विल्कॉक्स, अमेरिकन. अक्षरं तीच, घराणं वेगळं.

तिखटमीठ:
मी धागा उघडला तो जुन्या कृष्णधवल सिनेमांबद्दल असेल म्हणून. आता आलोच आहे तर बसतो.

चीफसाहेब_गुहागर:
चांगला विषय काढलात. निवृत्त माणूस आहे, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

खाडीकाठ, तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. परवाने दिले म्हणून तर नाव उरलं. आधी या इंजिनात होतं काय ते सांगतो, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

मोठ्या बोटीचं मेन इंजिन टू-स्ट्रोक असतं. पिस्टन खाली आला की जळका वायू बाहेर आणि ताजी हवा आत, हे क्षणात व्हायला लागतं. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. सुल्झर ही प्रतिस्पर्धी स्विस कंपनी. तिच्या आरएनडी इंजिनांत हवा आत यायची आणि धूर बाहेर जायचा, दोन्ही खिडक्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या, खालच्या भागातच. बी अँड डब्ल्यूमध्ये हवा खालून येते आणि धूर वर हेडमधल्या (सिलिंडरच्या झाकणातल्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जातो. घरात समोरासमोर खिडक्या असल्या की वारा आरपार जातो, एकाच भिंतीत दोन असल्या की खोलीतल्या खोलीत घुटमळतो, तसंच. यालाच युनिफ्लो म्हणायचं.

आता यातली मेख. तेल स्वस्त होतं तोवर याला फार कोणी विचारत नव्हतं, उलट तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे आमच्या डोक्याला ताप. जळायचा, गळायचा, बंदर आलं की फोर्थ इंजिनियर आणि फिटर तेवढ्यावरच. सुल्झरवाले हसायचे, "आमच्याकडे व्हॉल्व्हच नाही." पण १९७३ नंतर तेल भडकलं आणि सगळ्यांना कळलं, की इंजिन जितकं सावकाश फिरेल आणि स्ट्रोक जितका लांब असेल तितका प्रोपेलर मोठा लावता येतो आणि तेल कमी लागतं. लांब स्ट्रोकमध्ये खालच्या खालीच वळसा घेणारी हवा वरपर्यंत नीट पोचत नाही. तिथे युनिफ्लो जिंकलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुल्झरनेही आरटीए मालिकेत मुकाट्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवला. आणि ज्या 'मान'ने बी अँड डब्ल्यू विकत घेतली, तिने स्वतःची टू-स्ट्रोक इंजिनं गुंडाळली आणि कोपनहेगनचं डिझाइन पुढे चालवलं. लक्षात घ्या, हीच 'मान'. हिच्याच आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९७ साली डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं होतं. विकत घेणाऱ्याने आपलं टाकून घेतलेलं ठेवलं, असं धंद्यात किती वेळा होतं?

सुल्झरभक्त:
चीफसाहेब, "मुकाट्याने" वर माझा तीव्र आक्षेप! आरएनडीवर आयुष्य काढलंय. युनिट, म्हणजे एक सिलिंडर, उघडायचं तर हेडवरचे नट सोडा, पिस्टन ओढा, जेवायला हजर. तुमच्या बी अँड डब्ल्यूच्या जीएफ इंजिनाच्या व्हॉल्व्हचं हायड्रॉलिक गळायला लागलं की इंजिनरूममध्ये जी भाषा ऐकू यायची ती इथे लिहिली तर संपादक धागा उडवतील. आणि २००६ ची 'एमा मर्स्क' ही कंटेनर बोट आठवते ना? चौदा सिलिंडर, ऐंशी मेगावॅट, सुल्झरच्या घराण्यातलं वार्टसिला इंजिन. डेन्मार्कच्या कंपनीने डेन्मार्कमध्येच बांधलेल्या सगळ्यात मोठ्या बोटीत कोपनहेगनचं इंजिन नव्हतं. :)

चीफसाहेब_गुहागर:
आणि त्याच मर्स्कने २०१३ मध्ये ट्रिपल-ई नावाच्या अवाढव्य कंटेनर बोटी घेतल्या तेव्हा प्रत्येकीत दोन-दोन ८एस८०एमई-सी बसवली. कोणाची ते सांगू का? :)

एमईओच्या, म्हणजे बोटीवरच्या इंजिनियरच्या परीक्षेच्या, ओरलला बाहेरचे परीक्षक हमखास विचारायचे, "सुल्झर चांगलं की बी अँड डब्ल्यू?" शहाणा उमेदवार म्हणायचा, "सर, शेवटच्या बोटीवर जे होतं ते."

भातुकली:
दहा-बारा वर्षं कोपनहेगनमध्ये आहे. इंजिनातलं काही कळत नाही, पण नवऱ्याच्या हट्टापायी डिझेलहाउस नावाच्या संग्रहालयात गेले होते. तिथे बी अँड डब्ल्यूचं १९३२ चं एक इंजिन आहे, शहराच्या एच. सी. ओर्स्टेड वीजकेंद्रासाठी बनवलेलं. साडेबावीस हजार अश्वशक्ती, वजन चौदाशे टन, तीन मजली घराएवढं उंच. जवळजवळ तीस वर्षं ते जगातलं सगळ्यात मोठं डिझेल इंजिन होतं. ठरावीक रविवारी ते चालू करून दाखवतात. म्हातारे स्वयंसेवक, बरेचसे जुने कामगारच असावेत अशा थाटात, तेलाची डबकी हातात घेऊन वर-खाली करत असतात. चालू झालं की पायाखालची जमीन थरथरते. माझा मुलगा घाबरून रडला, नवरा आनंदाने रडायचा बाकी होता.

रेफशालेओनवर आता यार्डाची मागमूस म्हणजे त्या अवाढव्य शेड. २०१४ ची युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा त्याच बी अँड डब्ल्यू हॉलमध्ये झाली. बाजूला 'रेफेन' नावाचा खाऊबाजार आहे, उन्हाळ्यात मुंगीला शिरायला जागा नसते. जगप्रसिद्ध नोमा रेस्टॉरंटही २०१८ पासून त्याच बाजूला. जिथे हजारो लोक वेल्डिंग करत होते तिथे आता लोक शेवाळ खायला रांग लावतात.

तिखटमीठ:
शेवाळ खायला रांग! आमच्याकडे पावसाळ्यात गच्चीवर फुकट आहे म्हणावं.

नकारघंटा:
मूळ धाग्यात 'सेलांडिया'चं कौतुक जरा जास्तच झालंय. ती पहिली डिझेल बोट नव्हे. १९०३ मध्ये रशियात नोबेल बंधूंच्या तेल कंपनीची 'वांडाल' होती, डिझेल-इलेक्ट्रिक. १९१० मध्ये हॉलंडमध्ये 'व्हल्कॅनस' टँकर झाला, वेर्कस्पूरचं इंजिन, शेलसाठी. डेन्मार्कवाल्यांनी जाहिरात चांगली केली एवढंच.

इतिहासवेडी:
@नकारघंटा, 'पहिली' या शब्दावरून भांडायचं तर तुमचं बरोबर आहे. पण 'वांडाल' व्होल्गेच्या पाण्यातली. 'व्हल्कॅनस' समुद्रावर गेली खरी, पण लहानखुरी बोट, एकच इंजिन. 'सेलांडिया' ३७० फूट, सुमारे ७४०० टन माल घेणारी, प्रत्येकी १२५० अश्वशक्तीची आठ सिलिंडरची दोन इंजिनं, आणि पहिलीच फेरी कोपनहेगन ते बँकॉक! वाटेत कुठे बंद पडली असती तर कंपनीची अब्रू गेली असती. २२ फेब्रुवारी १९१२ ला निघाली. लंडनला थांबली तेव्हा विन्स्टन चर्चिल स्वतः बघायला आला होता. तेव्हा तो ब्रिटिश आरमाराचा मंत्री होता आणि कोळशाऐवजी तेल हाच विषय त्याच्या डोक्यात घोळत होता.

मागणी कुणाची होती हेही बघा. ईस्ट एशियाटिक कंपनी, मालक एच. एन. आंदरसन. त्यांच्या बोटी सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला जायच्या. वाटेत कोळसा घ्यायचा तर जवळपास प्रत्येक ठाण्यावर इंग्रजांचं राज्य. तळाच्या टाक्यांत तेल भरून घेतलं की मधे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, वर कोळशाची जागा मालाला मोकळी. डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाला हे सुचलं यात नवल नाही. कोळसा ज्याच्या घरात नाही तोच पर्याय शोधणार.

आणि डिझेल इंजिन बोटीवर बसवणं हे कारखान्यात बसवण्यासारखं नाही, हे चीफसाहेब जास्त नीट सांगतील. उलटं फिरवता आलं पाहिजे, नाहीतर धक्क्याला लागणार कशी? बी अँड डब्ल्यूच्या इव्हार क्नुडसेन या इंजिनियरने आणि त्याच्या माणसांनी परवाना घेतल्यापासून चौदा वर्षं यावर काढली.

चीफसाहेब_गुहागर:
इतिहासवेडी ताई, अगदी बरोबर. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सरकवून इंजिन उलटं फिरवायचं आणि चालू करायचं दाबलेल्या हवेवर. त्या काळी तर तेलसुद्धा सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेनेच फवारायचे, म्हणजे कॉम्प्रेसर गेला की सगळंच गेलं. आजच्या पोरांना एमई इंजिनावर बटण दाबायचं असतं, कॅमशाफ्टसुद्धा नाही, सगळं संगणकावर.

पाटपाणी:
सेलांडियाला चिमणी नव्हती म्हणे? धूर मागच्या डोलकाठीतून सोडायचे?

इतिहासवेडी:
हो. तिचे फोटो बघितले तर शिडं काढून ठेवलेलं गलबत वाटतं. तिची बहीण 'फिओनिया' १९१२ मध्ये कील बंदरात गेली, कैसर विल्हेल्म बघून गेला आणि हांबुर्ग-अमेरिका लाइनने ती तिथल्या तिथे विकतच घेतली! नाव ठेवलं 'क्रिश्चन दहावा', म्हणजे डेन्मार्कच्या नव्या राजाचं. तिसरी 'जुटलांडिया' ग्लासगोत बार्कले कर्लने बांधली. 'सेलांडिया' नावं आणि मालक बदलत राहिली आणि १९४२ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ बुडाली.

तिखटमीठ:
या सगळ्यात बिचारे डिझेलसाहेब. १९१३ मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाताना रात्रीत बोटीवरून नाहीसे झाले, आणि बोट होती वाफेवर चालणारी.

बावनखणी:
अवांतर: डॅनिश इंजिनियर म्हटलं की मुंबईकराला एकच नाव आठवतं, एल अँड टी. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, दोघे डॅनिश, एफ. एल. स्मिड्थ या सिमेंटच्या यंत्रांच्या कंपनीतर्फे आले आणि १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी केली. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला, तिकडून माल यायचा बंद झाला. मग या दोघांनी काय करावं? युद्धाच्या बोटी मुंबई बंदरात दुरुस्तीला यायच्या, ते काम घेतलं! म्हणजे बी अँड डब्ल्यूच्या गावची माणसं शेवटी आपल्या गोदीतच बोटी ठोकत बसली. होल्क-लार्सन मुंबईतच वारले, २००३ मध्ये, आदल्या वर्षी पद्मभूषण मिळालेलं.

मिरजमेल:
डेन्मार्कची आपल्याकडे वसाहतही होती की, तमिळनाडूत तरंगमबाडीला. राज्य टिकवता आलं नाही, पवईत कंपनी टिकवली.

खाडीकाठ:
मंडळी, एल अँड टीचा वेगळा धागा काढा, मजा येईल. इथे युद्ध निघालंच आहे तर: जर्मनांच्या ताब्यात असताना बी अँड डब्ल्यूचं काय झालं?

इतिहासवेडी:
हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

कारखाना जर्मनांसाठी राबत होता, पाणबुड्यांची इंजिनं वगैरे. म्हणून २७ जानेवारी १९४३ ला ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानांनी कोपनहेगनच्या ख्रिश्चन्सहाव्न भागावर अगदी खालून येऊन बॉम्ब टाकले. कारखान्याला फटका बसला, पण शेजारचा साखर कारखाना जास्त जळला. लोकांचे हाल झालेच. आतून डॅनिश प्रतिकार गटांचे घातपात चालू होते ते वेगळेच.

पण खरी गंमत १९४४ च्या जूनची. जर्मन अधिकारी वेर्नर बेस्ट याने रात्री आठपासून संचारबंदी लावली. उन्हाळ्यात तिकडे दहा वाजेपर्यंत उजेड. २६ जूनला बी अँड डब्ल्यूचे कामगार दुपारीच हत्यारं खाली ठेवून घरी निघाले आणि बेस्टला कळवलं, की साहेब, हा संप नव्हे. शहराबाहेर आमचे भाजीचे वाफे आहेत, संध्याकाळी आठच्या आत त्यांना पाणी घालायचं तर लवकर निघायलाच हवं. युद्धात भाजीपाला पिकवणं गरजेचं आहे ना?

दुसऱ्या कारखान्यांनी हेच सुरू केलं. संचारबंदी रात्री अकरापासून सुरू करावी लागली, पण तोवर ठिणगी पडली होती. महिना संपता संपता सगळं कोपनहेगन संपावर गेलं. जर्मनांनी पाणी, गॅस, वीज तोडली, रस्त्यांवर गोळ्या घातल्या, माणसं मेली. तरी शेवटी शालबुर्ग नावाची डॅनिश नाझींची टोळी शहरातून हलवावी लागली.

पाटपाणी:
"वाफ्यांना पाणी घालायचंय" हे कारण मी उद्या मॅनेजरला देणार.

कोयना_एक्सप्रेस:
गिरणगावात वाढल्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला. कामगाराची अक्कल कुठल्याही भाषेत सारखीच चालते.

दाभोळ_बंदर:
सगळे इंजिनियर लिहितायत, मी खलाशाच्या बाजूने लिहितो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर डेकवर होती. सारंग, टंडेल, कसाब, खलाशी अशा हुद्द्यांवर. इंजिनरूममधली आगवाले मंडळी बहुतेक पंजाब, सरहद्द प्रांत किंवा सिल्हेटची, आणि जेवणाच्या खात्यात गोव्याची. भट्टीपुढे उभं राहून फावड्याने कोळसा टाकणं काय असतं, तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यात, याची कल्पना करा. उष्म्याने माणसं कोसळायची, काही समुद्रात उड्या टाकायची.

'सेलांडिया'चं कौतुक वाचताना मला हे आठवतं. ती भट्टी गेली हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर दर बोटीमागे कित्येक आगवाले आणि कोयलावाले कमी झाले. त्यांच्या नोकऱ्या कुठे गेल्या, हे इंजिनाच्या इतिहासात कोणी लिहीत नाही.

चीफसाहेब_गुहागर:
दाभोळ, मुद्दा खरा आहे. मी १९७० च्या दशकात बोटीवर चढलो तेव्हा शेवटच्या वाफेच्या बोटी होत्या. तेलवाला जुना माणूस होता, सिल्हेटचा. डिझेल इंजिनाला तो "ठंडी गाडी" म्हणायचा.

आकडेमोड:
आता मूळ प्रश्नाकडे. मी वित्त क्षेत्रात आहे, जहाजात नाही, पण खाडीकाठ यांचा सिद्धांत आकड्यांच्या बाजूने पटत नाही.

स्वीडनमध्ये कोकुम्स (माल्मो) आणि येटावेर्केन (गोथेनबर्ग) ही बी अँड डब्ल्यूहून मोठी यार्डं. यांनी जगाला इंजिनाचे परवाने वाटत बसायचा धंदा असा केला नव्हता. तरी १९७० च्या दशकात तेल संकट आल्यावर टँकरची मागणी कोसळली आणि दोन्ही मालवाहू बोटींच्या धंद्यातून गेली. कोकुम्सची ती प्रचंड क्रेन नंतर कोरियाच्या ह्युंदाईने एका डॉलरला नेली. ग्लासगो, न्यूकॅसल, ब्रेमेन, सगळीकडे तीच गत. म्हणजे परवाना दिला काय, न दिला काय, बोटी बांधण्याचं काम पूर्वेकडे जाणारच होतं. मजुरी, पोलाद, सरकारी कर्ज, सगळं तिकडच्या बाजूने.

फरक इतकाच, की परवाना देणाऱ्याला प्रत्येक इंजिनामागे रॉयल्टी मिळते. कारखाना नाही, कामगार नाहीत, मंदीत गोदाम भरून पडत नाही. बी अँड डब्ल्यूने यार्ड आणि इंजिन हे दोन धंदे एकत्र बांधून ठेवले, तीच चूक. सत्तरच्या दशकात फुलांच्या शेतीतून वर आलेल्या एका उद्योजकाने कंपनीचा ताबा घेतला आणि पैशांचे जे खेळ झाले त्यात सगळंच हललं. इंजिन विकून पैसा उभा केला, यार्ड वेगळं पडलं.

नकारघंटा:
पण यार्ड त्यानंतरही सोळा वर्षं चाललं ना? पनामा कालव्यातून जाणारी ठोक मालाची जहाजं बांधत होते. म्हणजे अगदीच वाईट नव्हतं.

आकडेमोड:
चाललं, आणि बोटीही चांगल्या होत्या. पण ठोक मालाचं जहाज म्हणजे सगळ्यात कमी नफ्याचं काम, तिथे कोरियाशी किमतीवर झुंजायचं. १९९६ मध्ये संपलं.

खाडीकाठ:
आकडेमोड आणि चीफसाहेब, कोकुम्सचं उदाहरण वजनदार आहे. यार्ड वाचलं नसतं हे मानतो. पण तुम्ही दोघं एक गोष्ट सोडताय: इंजिन बनवणं आणि इंजिनाचं डिझाइन करणं यातही आता फरक पडलाय. कोपनहेगनमध्ये टेग्लहोल्मेनला संशोधन आणि प्रशिक्षण राहिलं, लोखंड ओतायचं काम कोरियात उल्सानला गेलं. डिझाइन राहिलं म्हणून खूश व्हायचं का? ज्या हजारो फिटरांच्या हाताला ते काम येत होतं त्यांची मुलं आज रेफेनमध्ये खाऊ विकतायत.

भातुकली:
त्यातले बरेचसे खाऊ विकणारे इटालियन आणि थाई आहेत हो. डॅनिश फिटरांची मुलं पवनचक्क्यांच्या कंपन्यांत आहेत. :)

पाटपाणी:
इंजिनाच्या नावातले ते आकडे-अक्षरं कुणी उलगडून सांगेल का? ८एस८०एमई-सी म्हणजे काय?

चीफसाहेब_गुहागर:
सोपं आहे. पहिला आकडा सिलिंडर किती. मग अक्षर स्ट्रोकचं: के आखूड, एल लांब, एस फार लांब, आणि अलीकडे जी, म्हणजे त्याहूनही लांब. मग सिलिंडरचा व्यास सेंटिमीटरमध्ये. एमसी असेल तर कॅमशाफ्टवालं, एमई असेल तर इलेक्ट्रॉनिक. १९८० नंतरच्या बोटींवर ६एस५०एमसी हे नाव इतक्या वेळा भेटतं, की मुंबईच्या दारुखान्यात, बोटींच्या भंगाराच्या बाजारात, भंगारवाल्याला नुसतं 'पन्नास एमसीचा व्हॉल्व्ह' म्हटलं तरी तो मापं विचारत नाही.

दाभोळ_बंदर:
दारुखान्यात आता राहिलंय काय? सगळं गुजरातला, अलंगच्या जहाजतोडणीत.

चीफसाहेब_गुहागर:
पार्ट अलंगहून येतात, पण भाव अजून दारुखान्यातच ठरतात. सेकंडहँड व्हॉल्व्ह घेताना सीट नीट बघा, घासून चकाचक केलेली असते.

सुल्झरभक्त:
भंगारात सुल्झर कमी दिसतात कारण त्या अजून चालतायत.

चीफसाहेब_गुहागर:
:) संपलेल्या आहेत म्हणून कमी दिसतात.

इतिहासवेडी:
मधे एकाने रशियाचा उल्लेख केला म्हणून सांगते. झारची 'श्टांडार्ट' ही राजनौका बी अँड डब्ल्यूने बांधली, १८९५ मध्ये पाण्यात उतरली. मागणी तिसऱ्या अलेक्झांडरची, आणि त्याची बायको डागमार ही डेन्मार्कची राजकन्या. जावयाने सासुरवाडीला ऑर्डर दिली. दुर्दैवाने नौका तयार होईपर्यंत जावई वारले, वापरली ती मुलाने, दुसऱ्या निकोलसने. नंतर 'बोयारिन' ही क्रूझरही रशियाने यांच्याकडूनच घेतली. १९०४ मध्ये पोर्ट आर्थरजवळ सुरुंगावर गेली.

तिखटमीठ:
सासुरवाडीकडून घेतलेल्या वस्तूला वॉरंटी मागता येत नाही.

आकडेमोड:
खाडीकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नावर. फिटरांच्या कामाचं दुःख खरं आहे, पण डिझाइन म्हणजे नुसता कागद नव्हे. जगात आज बांधल्या जाणाऱ्या मोठ्या बोटींपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त बोटींत हेच इंजिन बसतं. बदल कोपनहेगनमध्ये ठरतो. ताजं उदाहरण: २०२३ मध्ये मर्स्कने 'लाउरा मर्स्क' आणली, मेथॅनॉलवर चालणारी पहिली कंटेनर बोट. बोट कोरियात बांधली, इंजिनही कोरियातच ओतलं, पण नामकरण कोपनहेगनला केलं आणि मेथॅनॉलवर चालणारं इंजिन तिथल्याच कागदावरचं. २०२५ मध्ये 'मान एनर्जी सोल्यूशन्स'ने स्वतःचं नाव बदलून 'एव्हरलेन्स' केलं तरी टू-स्ट्रोकला बी अँड डब्ल्यूची अक्षरं चिकटूनच आहेत.

खाडीकाठ:
ठीक. म्हणजे परवान्याने कंपनी मारली नाही, पण वाचवलीही नाही. वाचलं ते डिझाइनचं ऑफिस. माझ्या मते कामगार जिथे नाही तिथे कंपनी नाही. तुमच्या मते आहे. इथे आपण असहमत.

चीफसाहेब_गुहागर:
असहमत राहू. पण एक सुचवतो: मामा हयात असतील तर त्यांना विचारा, जीएफ आणि एमसी दोन्हींवर काम केलंय का. केलं असेल तर माझ्या वतीने विचारा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर ते कुठलं ग्राइंडिंग करायचे. जीएफच्या काळात कंपनीच्या पुस्तकात एक असायचं आणि चीफ दुसरंच करायचे.

सुल्झरभक्त:
सुल्झरच्या पुस्तकात हे पानच नव्हतं.